पहिली सुरई

दारावरची घंटा वाजली तेव्हा डॉक्टरच्या हातात पहिल्या सुरईची चिठ्ठी होती आणि तिसरीची त्याने दातांत धरली होती. त्याने घाईघाईने दोऱ्यांच्या गाठी मारल्या. पहिलीची चिठ्ठी तिसरीच्या गळ्यात, तिसरीची पहिलीच्या. बायको आतल्या खोलीत कपडे बदलत होती. तिने केलेली यादी फडताळाच्या दाराला आतून चिकटवलेली होती आणि ती त्याने आधीच वाचली होती: एक: बोर्डो, दोन: बर्गंडी, तीन: ऱ्होन. तो हात पुसत दार उघडायला गेला.

दारात वकील आणि मास्तर होते. तिघांची मैत्री कॉलेजपासूनची. दर दोन महिन्यांनी एका रविवारी दुपारी ते डॉक्टरकडे जमत आणि जुन्या फ्रेंच रेड वाइनच्या तीन बाटल्या उघडत. कुठल्या तीन, ते सगळ्यांना माहीत असे. डॉक्टरची बायको तळाचा गाळ मागे ठेवून ती वाइन अलगद तीन सारख्या सुरयांत ओतायची आणि त्यांना आकड्यांच्या चिठ्ठ्या बांधायची. कुठल्या सुरईत काय, हे एकट्या तिला ठाऊक. बाकीच्यांनी वास आणि चव घेऊन ओळखायचं.

ओळखायचा तो वकीलच. सलग सात वेळा त्याने तिन्ही बरोबर सांगितल्या होत्या. मास्तर शाळेत भूगोल शिकवायचा. बोर्डो, बर्गंडी, ऱ्होन हे फ्रान्समधले वाइनचे प्रदेश तो नकाशावर डोळे मिटून दाखवू शकत असे, पण पेल्यात त्याला ते सारखेच लागत, आणि त्याचं त्याला काही वाटत नसे. डॉक्टरला वाटे. त्याने पुस्तकं वाचली होती, दोन वह्या भरल्या होत्या. वकिलाने काडीचंही वाचलं नव्हतं. पेला नाकाशी न्यायचा, डोळे किलकिले करायचे आणि सांगून मोकळं व्हायचं.

तेवढंच असतं तर डॉक्टरने गिळलं असतं. पण चार महिन्यांपूर्वी त्याच्या लक्षात आलं की उत्तर देण्याआधी वकील त्याच्या बायकोकडे बघतो. ती औषधांच्या दुकानात काम करायची. तिथे ती मोजकं बोलायची आणि घरी त्याहून कमी. वकील मात्र "वहिनी, आज काही खरं नाही आमचं," एवढं म्हणाला तरी तिच्या ओठांचा कोपरा हलायचा. दातांचा डॉक्टर म्हणून तो रोज वीस तोंडं उघडून बघत होता. बायकोचं तोंड मात्र आपल्याला कधी उघडता आलं नाही, असं त्याला त्या दिवशी वाटलं. मग ते दाढेत अडकलेल्या कणासारखं तिथेच राहिलं. तो जीभ लावून लावून चाचपत राहिला.

म्हणून आज चिठ्ठ्या. वकील खरोखर नाकाने ओळखत असेल, तर पहिलीला ऱ्होन म्हणेल. त्याला बायकोकडून कळत असेल, तर यादीप्रमाणे बोर्डो म्हणेल.

त्याने दोघांचे कोट अडकवले, खुर्च्या पुढे ओढल्या, मास्तरच्या बदलीची चौकशी केली. बायकोला यायला जरा वेळच लागला. मग ती ट्रेमध्ये तिन्ही सुरया घेऊन आली आणि सगळ्यांचे पेले भरून पाव कापत बसली.

डॉक्टरने पहिला पेला नाकाशी नेला. मिरीचा वास. पुस्तकात लिहिलेला अगदी तोच, ऱ्होनचा. इतका स्वच्छ तो त्याला आजवर कधी आला नव्हता. कागदावर त्याने ठळक अक्षरात "एक: ऱ्होन" लिहिलं. मास्तर म्हणाला, आपण तिन्हीला बर्गंडी लिहितो, म्हणजे एक तरी बरोबर येईल.

वकिलाने वेळ घेतला. तिन्ही पेले दोन-दोनदा हुंगले. मग मान वर करून त्याने पाव कापणाऱ्या हातांकडे आणि तिथून तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"पहिली बोर्डो," तो म्हणाला. "पंचवीस वर्षांची तरी असेल. दुसरी बर्गंडी. तिसरी ऱ्होन."

बायकोने यादी काढून वाचली. तिन्ही बरोबर होत्या. मास्तरने टाळ्या वाजवल्या.

"पहिल्या सुरईत ऱ्होन आहे," डॉक्टर म्हणाला. त्याचा आवाज शांत होता, त्याचं त्यालाच नवल वाटलं. "चिठ्ठ्या मी बदलल्यात. यादी तशीच आहे. तू पेला ओळखला नाहीस, यादी म्हणून दाखवलीस. ती तुला कोणी सांगितली, तेही मला कळतंय. कधीपासून चाललंय हे तुमचं?"

मास्तरचे हात तसेच राहिले. वकिलाला आधी काही उमगलं नाही. मग उमगलं. त्याने पहिला पेला उचलून पुन्हा हुंगला आणि खाली ठेवला.

"माझं नाक चुकलं असेल," तो म्हणाला. "वहिनींना यात ओढू नकोस."

त्या 'वहिनी' शब्दाने डॉक्टरचं उरलंसुरलं भान गेलं. पुढची पाच मिनिटं तो जे बोलला, त्यातलं निम्मं त्याने मनात कधीचं घोकून ठेवलं होतं. या घराची पायरी पुन्हा चढू नकोस, हे त्यातलं शेवटचं. वकिलाने कोट घेतला. मास्तर कुणाकडेही न बघता त्याच्या मागोमाग गेला. अठ्ठावीस वर्षांची मैत्री जिना उतरून गेली.

बायको इतका वेळ एक अक्षर बोलली नव्हती. ती नवऱ्याकडे नुसती बघत होती. ते गप्प राहणं म्हणजेच कबुली, असं डॉक्टरने धरलं. याच क्षणाची त्याने चार महिने वाट पाहिली होती. तो खुर्चीत बसला.

"आता तरी बोल," तो म्हणाला.

तिने सुरी खाली ठेवली.

"आणायच्या आधी मी सवयीने एकेका सुरईचा वास घेतला," ती म्हणाली. "पहिली आणि तिसरी उलटी झालेली. मला वाटलं, माझीच चूक. म्हणून चिठ्ठ्या सोडून पुन्हा नीट बांधल्या, आणि मगच बाहेर आणल्या."