उभं राहायची रीत

वाक्य तोंडातून निसटलं आणि त्याच क्षणी महादूला कळलं, आपण चुकलो.

समोर टेबलापलीकडे जपानहून आलेले हिराता साहेब बसले होते. सातपाटीच्या मच्छीमार सोसायटीने तीन पोरं निवडून त्यांच्यापुढे उभी केली होती. त्यातलं एकच बोटीच्या इंजिनाचं काम शिकायला वर्षभर जपानला जाणार होतं, आणि परत आल्यावर सोसायटीची नवी इंजिनाची बोट त्याच्याच हाती यायची होती. महादूच्या घरचं शिडाचं होडकं मागच्या वैशाखात वादळात सापडलं, ते थोरल्या भावाला, जानूला, घेऊनच गेलं. त्या दिवशी इंजिनवाल्या बोटी तेवढ्या बंदराला लागल्या होत्या. तेव्हापासून त्याची आई येसूबाई दुसऱ्याची मासळी डोक्यावर घेऊन पालघरच्या बाजारात बसत होती. जपानला जाणं ही महादूची हौस नव्हती.

साहेबांनी जपानीत साधंच विचारलं होतं, इंजिनातलं तेल रोज पाहायचं का? ‘मिनाकेरेबा नारानाइ’ म्हणायचं होतं, पाहायलाच हवं. महादू म्हणाला ‘मिनाकुतेमो ईई’, पाहिलं नाही तरी चालतं. दोन्ही वाक्यांची तोंडं सारखी, फरक सगळा शेपटीला. वर्षभर हीच दोन वाक्यं त्याच्या मानगुटीवर बसली होती. नागोराव मास्तरांनी ती घोटून घोटून घेतली होती, आणि नेमकी आजच घात करून गेली.

नागोराव मास्तर तसे मास्तर नव्हतेच. मूळचे नांदेडकडचे, तारापूरला वीजप्रकल्पाचं काम निघाल्यावर तिथे पहारेकरी म्हणून आलेले, सालवडला एका खोलीत एकटेच राहत. ‘साडेतीन वर्षं जपान्यांकडे कामाला होतो,’ एवढंच ते सांगत आणि लोकही तेवढ्यावर गप्प बसत. दर रविवारी महादू त्यांच्याकडे जपानी शिकायला जायचा. त्यांची सगळी उदाहरणं उठण्याची, दगड वाहण्याची आणि गणतीला उभं राहण्याची. उठायलाच हवं. उठलं नाही तरी चालतं. महादूला वाटे, कामाच्या जागी शिस्त कडक असणार, दुसरं काय.

शिवाय मास्तरांची एक रीत होती. चुकलं की एक पाऊल पुढे यायचं, हात मांड्यांना चिकटवायचे, डोळे मिटायचे, दात घट्ट आवळायचे. मग मास्तर डाव्या गालाला बोटं हलकेच टेकवत आणि म्हणत, झालं, पुढचं वाक्य घे. जपानी शिकायचं तर उभं राहायची रीत आधी यायला पाहिजे, यावर त्यांचा फार कटाक्ष. महादूला सुरुवातीला हसू यायचं. पुढे सवय झाली. देवळात शिरताना चपला काढाव्यात, तितकी साधी सवय.

तर महादू चुकला, आणि एक पाऊल पुढे आला. हात मांड्यांना चिकटवले. डोळे मिटले. दात आवळले.

खोलीत कुणीतरी फिसकन हसलं. सोसायटीचे चेअरमन चिंतू तांडेल यांनी खाकरून हसणाऱ्याला दटावलं. खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला. महादू गालावर बोटं टेकण्याची वाट पाहत राहिला. बोटं टेकेनात.

त्याने डोळे उघडले. हिराता साहेब उभे होते. सकाळी बंदरावर मासळीवाल्या बायांनासुद्धा कमरेत वाकून नमस्कार करणारा तो माणूस. त्यांचा उजवा हात खांद्याच्या वर गेलेला होता, पंजा उघडा. आणि डाव्या हाताने त्यांनी तोच हात मनगटाशी गच्च धरून ठेवला होता. चेहरा पार पांढरा पडला होता.

बऱ्याच वेळाने हात खाली आला. साहेबांनी हळू आवाजात एकच प्रश्न विचारला. महादूला त्यातला शब्द न् शब्द समजला, अर्थ मात्र काही केल्या लागेना.

संध्याकाळी चिंतूशेटनी निकाल सांगितला. तिघांतला केळव्याचा पंढरी जाणार. पंढरीला जपानीतली चार वाक्यंही धड येत नव्हती. महादूच सगळ्यात चांगला शिकलाय, असं साहेब स्वतःच म्हणाले होते. पण वर्षभर रोज याला समोर उभा पाहण्याची ताकद आपल्यात नाही, एवढं बोलून ते मुंबईच्या मोटारीत जाऊन बसले. चिंतूशेटना ते कोडं उलगडलं नव्हतं. येसूबाई रिकामी पाटी उचलून धुवायला बसली.

दुसऱ्या दिवशी तो तडक सालवडला गेला. नागोराव चुलीपुढे भाकरी थापत होते. महादूने सगळं सांगितलं, अगदी वर गेलेल्या हातापर्यंत. मग म्हणाला, “मास्तर, ते साहेब इचारत होते, तुजे मास्तर कंच्या छावणीत होते? तुमी तर कामाला होते ना?”

नागोरावांनी हातातली भाकरी परातीत ठेवली, पिठाच्या बोटाने डावा ओठ बाजूला ओढला आणि तोंड उघडून दाखवलं. त्या बाजूला एकही दाढ नव्हती.

“पलटणीत होतो, सिंगापूर पडलं तवा जपान्यांनी धरून छावणीत घातलं आमाला. जी काय भाषा आली ती असं उभं राहून मार खातच आली,” ते म्हणाले. “तू तिकडं जाणार म्हणलास. दात आवळले की गाल आतून फाटत नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं रे. तुला सांगणारं कुणीतरी पाहिजे होतं.”