सहीआधी

ऐनवेळी भूलतज्ज्ञ बदलला आणि नवा निघाला विमा कंपनीच्या पॅनेलबाहेरचा. म्हणजे त्याचं बिल पेशंटच्याच बोकांडी बसणार. ते आधी नीट समजावून सांगायचं आणि मगच सही घ्यायची, असा नियम. सिंगापूरच्या त्या सर्जरी क्लिनिकमध्ये नियम पाळले जातात की नाही हे बघणं, हीच क्षिप्राची नोकरी.

"समजावत कसली बसतेस?" टोपी बांधता बांधता डॉक्टर प्रधान म्हणाले. "शामकांतरावांना स्ट्रेचरवर घेतलंय. पटकन सही घेऊन ये. वाचतंय कोण?"

तुआसच्या गोदीत जन्मभर जहाजांची इंजिनं सांभाळलेले शामकांतराव बाहेर स्ट्रेचरवर गाऊन घालून पडले होते. क्षिप्राने दिलेला कागद त्यांनी हातभर लांब धरला, मग नाकाशी आणला आणि ओशाळं हसून पेन मागितलं.

क्षिप्राने कागदच काढून घेतला. त्याच्या मागे 'भूलतज्ज्ञाचं बिल मी भरेन' एवढंच लिहून ती तडक आत आली आणि तो डॉक्टरांपुढे धरला.

"तुम्हीही इथे सही करा, सर."

"काय आहे हे?" डॉक्टरांनी खिसे चाचपले. "थांब, माझा चष्मा कुठाय? वाचल्याशिवाय मी कशावरही सही करत नाही."

क्षिप्राने हातातली प्लास्टिकची पिशवी वर धरली. आत शामकांतरावांचं घड्याळ होतं आणि चष्मा.

"त्यांचा आपण काढून घेतलाय, सर. परत द्यायला चाललेय. त्यांचं वाचून होईपर्यंत ऑपरेशन थांबेल."