पालकांची सही

सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी मुख्याध्यापकांनी तक्रारपेटी उघडून दाखवली. पेटी रिकामी होती. "वर्षभरात एकही तक्रार नाही, मॅडम. आपला सायबर सुरक्षा उपक्रम शंभर टक्के यशस्वी, असंच लिहा."

उपक्रमाचं मूल्यमापन करायला आलेल्या हेमांगीने तक्ता पुढे ओढला. तक्रारींच्या रकान्यात ती शून्य लिहिणार, तोच दहावीतली एक मुलगी आत आली. तिच्या हातात घड्या पडून मऊ झालेला अर्ज होता. "माझ्या नावाने कुणीतरी खोटं खातं काढलंय, मॅडम. माझेच फोटो टाकतात, खाली घाणेरडं लिहितात. ऑगस्टमध्येच अर्ज दिला होता. सरांनी परत केला."

"पालकांची सही कुठे होती त्यावर?" मुख्याध्यापक कडाडले. "नियम आहे तो!"

"पप्पांना दाखवला, तर ते माझी शाळाच बंद करतील, सर. फोटो माझे, नाव माझं. मग सही माझी का चालत नाही?"

तिने टेबलावरचं पेन उचललं, 'पालकांची सही' या शब्दांवर काट मारली आणि खाली आपलं पूर्ण नाव लिहिलं. "आता मोजा, मॅडम."

हेमांगीने रकान्यात एक लिहिलं.

साडेचारला अहवाल गेला, अर्जाची प्रत सायबर पोलिसांकडे गेली. पाच वाजता वरिष्ठांचा फोन आला. "तो अर्ज अपूर्ण आहे. शून्य करून पुन्हा पाठवा."

"नाही करणार, सर."

सहा वाजता हेमांगीने मुलीच्या नावाचं ते खोटं खातं उघडून पाहिलं. ते सुरूच होतं.