बागेसाठी चार गुंठे

युवराजनं नियमाचं पुस्तक साहेबांच्या टेबलावर आपटलं नाही, नुसतं ठेवलं. बोट मात्र ओळीवर दाबून धरलं.

"अडतीस गुंठे रान हाय. एकराच्या आतल्या प्लॉटिंगला तुमाला बागंची जागा मागता येत न्हाय आन् बागंचं शुल्कबी."

नगररचनेचे साहेब चष्म्यावरून बघत राहिले. "बरोबर आहे. म्हणून तर आम्ही मागितलंच नव्हतं. अर्ज वाचलात का?"

वाचायचं काय त्यात? कागदाखाली त्याच्या आईचा, छबूबाईचा, अंगठा होता, तेवढं त्याला पुरे होतं. पूर्वेकडचे चार गुंठे बागेला, वर कुंपणाचं शुल्क रोख भरलेलं. म्हातारी अंगठेबहाद्दर बघून कुणीतरी गंडवली. आणि कोपरा कुठला, तर इंदापूरच्या रस्त्याला लागलेला, सगळ्या रानावरची साय. आईचं मुखत्यारपत्र घेऊन त्यानं तीन महिने हेलपाटे घातले होते. आज अर्ज रद्द झाला. भरलेल्या शुल्काच्या परताव्याचा चेकसुद्धा मिळाला.

कचेरीच्या पायरीवरूनच त्यानं जेसीबीवाल्या दत्तोबाला फोन लावला. "जेसीबी घाल. कोपरा सपाट कर. करंजासकट."

करंज म्हणताना जीभ जरा अडखळली. त्या झाडाच्या बुडाशी एक गोटा होता, बिनशेंदराचा. लहानपणी दर भाऊबीजेला आई त्याला न्हाऊ घालून तिथं न्यायची आणि गोट्यापुढं रुपया ठेवायला लावायची. कसला देव, ते तिनं सांगितलं नाही, त्यानं विचारलं नाही. देवाचं काय, उचलून दुसरीकडं बसवता येतो.

दुपारी तो पेढे घेऊन घरी आला. छबूबाई शेंगा फोडत बसली होती. त्यानं चेक तिच्या सुपात ठेवला.

"आई, तुला फसवलं हुतं. समदं सोडवून आणलं बघ."

"मला कोण फसवतंय? तुझा बाप गेल्यापासनं त्या कामाला तूच तेवढा उरलायस." ती हसली. "काय सोडवलंस?"

"बागंचा कोपरा."

तेवढ्यात फोन वाजला. त्यानं ऐटीत स्पीकर लावला.

"युवराजराव, झालं बघा," दत्तोबा म्हणाला. "तळहातासारखी केली जागा. करंज मुळासकट काढला. खालची मातीबी ट्रॉलीत भरून लांब टाकली."

छबूबाईच्या बोटांतली शेंग तशीच राहिली.

"अर्ज वाचला न्हाईस व्हय रं?"

त्यानं खिशातली अर्जाची नक्कल उलगडली. शेजारच्या सुकन्याचं गोल, शाळकरी अक्षर. खाली अंगठा.

'ही जागा कोणी मागितली नाही, मी राजीखुशीने देते. करंजाखाली माझी थोरली मुलगी पुरली आहे, अकरा दिवसांची. तिच्यावर घर नको, पोरं खेळू देत. तिच्या भावाला अजून सांगितलेलं नाही.'