पहिल्या रांगेतले पणजोबा

“तुम्ही फक्त ओठ हलवा,” गायकवृंदाच्या बाई म्हणाल्या, आणि घड्याळजींच्या तोंडातला षड्ज तोंडातच थिजला.

ग्रंथालयाच्या शताब्दीचा कार्यक्रम तीन आठवड्यांवर आला होता. वृंदात चौतीस जण होते. शेवटच्या रांगेत, खांबाआड उभे राहून घड्याळजी दोन वर्षे गात होते. दिवसभर दुकानात घड्याळे दुरुस्त करायची आणि संध्याकाळी गायचे, एवढेच त्यांचे आयुष्य. त्यांचा स्वर वर लागत नसे, खालीही लागत नसे. तो शेजारच्या गल्लीत कुठेतरी हरवलेला असे आणि तिथून मोठ्या निष्ठेने हाका मारत राही.

“बाई, माझे पणजोबा नाट्यगृहाच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवत. एकोणीस वर्षं. पहिल्या रांगेत! संगीत आमच्या रक्तात आहे.”

“मग रक्तातच राहू द्या की. बाहेर कशाला काढताय?”

तेहेतीस जण हसले.

घरी भिंतीवर पणजोबांचे कात्रण चौकटीत लावलेले होते. ‘पहिल्या रांगेतील उंच वादकाने रसिकांचे डोळे ओले केले.’ खाली काचेच्या पेटीत त्यांचे व्हायोलिन आणि गज. त्या गजाला शंभर वर्षांनंतरही एक मंद सुगंध होता. पणजोबांचे सूर लाकडात मुरले आहेत, अशी घरातली श्रद्धा. धाकटी बहीण दर रविवारी पेटी पुसताना तो गज नाकाशी धरी आणि डोळे मिटून घेई.

“दादा, जुनं दप्तर शोध,” ती म्हणाली. “सही-शिक्क्याचा कागद आण आणि त्या बाईंपुढे ठेव. मलाही कळू दे, ही दोन वर्षं मी कशासाठी सोसली ते. परवा तू गात होतास आणि मी नळ बंद करायला उठले होते.”

नाट्यगृह कधीच जमीनदोस्त झाले होते. त्याचे कागद नगरपालिकेच्या तळघरात बासनात बांधून पडले होते. घड्याळजींनी आठ दिवस दुपारचे दुकान बंद ठेवले. डोळ्याला घड्याळाचे भिंग लावून ते पान पान वाचत गेले. कुणाची सनई, कुणाचा तबला, कुणाची रजा, कुणाचा खोकला. एका अख्ख्या शहराचे संगीत तिथे वाळवीच्या पोटात शांतपणे उतरत होते. नवव्या दिवशी कारकुनाने एक लाल बांधणीची वही पुढे सरकवली.

“काका, वादकांचे शेरे. शिंकायचं असेल तर बाहेर जाऊन शिंका.”

पणजोबांचे नाव सहाव्या पानावर होते. घड्याळजींनी भिंग डोळ्यावर नीट बसवले.

‘उंची भरपूर. मान बाकदार. चेहऱ्यावर दुःख आपोआप येते. वादन ऐकवत नाही. वाद्यवृंद भरलेला दिसावा म्हणून पहिल्या रांगेत बसवावे. गजाला राळेऐवजी साबण लावावा, म्हणजे आवाज निघणार नाही.’

त्यांनी भिंग पुसले आणि पुन्हा वाचले. साबण साबणच राहिला.

पुढे दर वर्षी एकच शेरा. ‘उत्तम. एकही स्वर ऐकू आला नाही. मुदत वाढवावी.’ फक्त अकराव्या वर्षी लाल शाईत दोन ओळी होत्या. ‘चुकून राळ लावलेला गज हाती गेला. पडदा पाडावा लागला.’

“सापडले का पणजोबा?” कारकुनाने विचारले.

“सापडले.”

“चांगले वाजवायचे?”

घड्याळजींनी भिंग डोळ्यावरून काढले. “पहिल्या रांगेत असायचे,” ते म्हणाले.

घरी बहीण नव्हती. त्यांनी पेटी उघडली, बोट ओले केले आणि गजावर फिरवले. पांढरा, सुगंधी फेस आला. एकोणीस वर्षे एक माणूस सुरांच्या ऐन मध्यभागी बसला आणि त्याने एकाही सुराला धक्का लागू दिला नाही. संगीतावर इतके प्रेम आणखी कोणी केले असेल? त्यांनी मान वर केली. समोरच्या आरशात एक बाकदार मान होती. चेहऱ्यावर दुःख आपोआप आले होते.

दुसऱ्या दिवशी ते बाईंसमोर उभे राहिले.

“ओठ हलवीन. पण पहिल्या रांगेत, मधोमध.”

बाईंनी संशयाने पाहिले. “आणि आवाज?”

“एकही नाही. लिहून देतो.”

कार्यक्रमाच्या दिवशी सभागृह भरले होते. घड्याळजींनी डोळे मिटले. पहिल्या ओळीला त्यांचे ओठ नुसते थरथरले. दुसरीला मान हळूच कलली, जणू खांद्यावर काहीतरी अदृश्य टेकवले होते. वरच्या स्वरांना त्यांनी जबडा ताणला, कपाळाची शीर तटतटली आणि एक हात आपोआप छातीशी गेला. तेहेतीस जण त्यांच्याभोवती मन लावून गात होते. तिकडे कुणाचेही लक्ष नव्हते. तिसऱ्या रांगेत कुणीतरी रुमाल शोधू लागले. नळ बंद करायला उठणारी बहीण हुंदके देत होती.

पडदा पडताच प्रमुख पाहुणे रंगमंचावर चढले. तेहेतीस जणांना ओलांडून ते सरळ मधोमध आले आणि त्यांनी घड्याळजींचे दोन्ही हात हातात घेतले.

“काय आवाज आहे हो तुमचा! असा आवाज कमावून येत नाही. वारशानंच मिळावा लागतो.”

बाईंना जोराचा ठसका लागला.

“पणजोबांचाच आहे,” घड्याळजी म्हणाले.