पडद्याआडचा चमचा

सूप पुन्हा बिघडलं. मघाचं अळणी होतं, हे खारट झालं. कापड चोरल्याचा आळ घेणाऱ्या गिऱ्हाइकाकडे बघावं तसं शिंप्याने पातेल्याकडे रागाने पाहिलं.

बायको जाऊन आज वर्ष झालं. बटाट्याचं हे साधं सूप तिच्या हातचं. कुणी आजारी पडो, कुणाचं कुणाशी वाजो, तिचं औषध एकच. आज मुलगी जेवायला आली होती. निदान आजच्या दिवस घरात ती चव यावी, एवढीच त्याची इच्छा होती. बटाटे तसेच, कांदा तसाच, पातेलंही तिचंच. चव मात्र हाती लागत नव्हती.

"बाबा, सरका बाजूला," मुलगी म्हणाली. "तुमचा हात कात्रीवरच बरा."

"मग तू सांग, ती मीठ किती घालायची? तिला आयुष्यात कधी अंदाज आला नाही, पण चव बरोबर जमायची."

अंदाज खरंच आला नव्हता. पुढच्या खोलीत त्याचं मशीन, मागे स्वयंपाकघर, मधे एक पडदा. रोज पडदा सरकायचा आणि चमचा पुढे यायचा. "अहो, मीठ बघा." तो तोंडातल्या टाचण्या काढायचा, चव घ्यायचा आणि टाचण्या पुन्हा ओठांत धरायचा. मग बोलायची सोय नाही. एक बोट वर म्हणजे अजून चिमूटभर. पंजा हलवला की बास. समोर गिऱ्हाईक असलं तर त्याला आणखी चेव यायचा. "केस पांढरे झाले, पण हिला मीठ काही कळलं नाही!" गिऱ्हाईक हसायचं. तीही हसत आत जायची.

मुलगी नवे बटाटे सोलत होती. तिची सुरी थांबली.

"बाबा, आईला चव कळतच नव्हती."

"म्हणजे?"

"मी शाळेत असताना तिला तो मोठा ताप आला होता ना, त्यात तिची चव गेली ती गेलीच. मला शपथ घातली होती. म्हणायची, त्यांना कळलं तर त्यांच्या घशाखाली घास उतरायचा नाही."

शिंपी भिंतीला टेकला. "अगं, मग इतकी वर्षं ती जेवायची कशी?"

"तुमच्या तोंडाकडे बघत."

चारचौघांत केलेली एकेक थट्टा आता त्यालाच टोचू लागली. माफी मागावी तर कुणाची? ओट्याजवळ मुलगी उभी होती, आणि ती मान खाली घालून बटाटे चिरत होती.

"जा, मशीनवर बसा," सूप उकळल्यावर ती म्हणाली. "तिच्या हाताला ठाऊक नव्हतं, माझ्याही नाही. ते तुमच्याच जिभेला ठाऊक आहे."

तो जाऊन बसला. सवयीने टाचण्या ओठांत धरल्या. शिवायला काहीच नव्हतं. पडदा सरकला.

"बाबा, मीठ बघा."

टाचण्या काढून त्याने चव घेतली, त्या पुन्हा ओठांत धरल्या. एक बोट वर केलं. पडदा पडला, थोड्या वेळाने पुन्हा सरकला. पुन्हा एक बोट.

पुढचा चमचा जिभेला लागला आणि त्याचे डोळे भरून आले. तीच चव. कणभर कमी नाही, कणभर जास्त नाही. त्याने टाचण्या ओठांत धरल्या. मुलगी पडदा धरून त्याच्या हाताकडे बघत होती.

पंजा हलवला, की चमचा पुन्हा येणार नव्हता.

त्याने एक बोट वर केलं.