पिवळं दिसलं की

वीज कंपनीच्या हत्यार-तपासणीच्या खोलीत सुनेने पिशवीतून पक्कड काढून टेबलावर ठेवली आणि तपासनीस असलेल्या सासऱ्यांनी ती जवळ ओढली. मुठींवर नवीकोरी लाल टेप होती.

"बाबा, हे गेल्यावर दवाखान्यातून ह्यांचं सामान मिळालं, त्यात ही होती. तपासा ना," ती म्हणाली. "जो तो म्हणतोय, चूक ह्यांचीच. चालू तारेवर बेफिकिरीने काम केलं. चौकशीच्या साहेबांनीही तेच धरून ठेवलंय. तुम्हीच सांगा, ह्यांनी कधी बेफिकिरी केली होती का?"

"कधीच नाही." लेकाला हे काम त्यांनीच शिकवलं होतं.

"मग ही पक्कडच खराब असणार. एकदा तुमची घंटा वाजू दे, सगळ्यांची तोंडं बंद करते की नाही बघा."

त्यांनी मुठीवरून अंगठा फिरवला. "ही टेप?"

"मीच लावली, आदल्या संध्याकाळी. पिशवी आवरताना दिसलं, मुठीला आतल्या बाजूने पिवळे डाग पडले होते. कसंतरीच दिसत होतं." ती हसायला गेली आणि तिचे ओठ थरथरले. "सकाळी म्हणाले, वा, नवीच केलीस की."

अशा मुठींना आवरणाचे दोन थर असतात, वर लाल, आत पिवळा. लाल झिजून पिवळं दिसलं की हत्यार फेकायचं. लेकाला हे शाळेत जायच्या आधीपासून पाठ होतं. सुनेला सांगावं असं घरात कधी कुणाला सुचलंच नाही.

ते उठले. मुठी पाण्याच्या कुंडात बुडवल्या, पकडीच्या तोंडाला तार जोडली, सुनेला जाळीबाहेर उभं केलं. आता विजेचा दाब चढवायचा. आवरण फुटकं असेल तर वीज पाण्यात उतरते आणि घंटा वाजते. शाबूत असेल तर काहीच होत नाही. आज घंटा वाजली तर टेप सोलावी लागणार, खाली काय होतं ते चौकशीत निघणार. साहेबांना कळलं तर कळू दे मेलं. पण हिला कळेल. आणि हिला अजून सगळं आयुष्य काढायचं होतं.

तिच्याकडे पाठ करून त्यांनी वेळेच्या घड्याळाचं बटण दाबलं. दाबाच्या बटणाला हातच लावला नाही. दाबाचा काटा शून्यावर पडून राहिला. या खोलीत त्यांनी साध्या स्क्रूड्रायव्हरच्या बाबतीतही कधी लबाडी केली नव्हती.

सून जाळीला कपाळ टेकून उभी होती. "वाज ना," ती पुटपुटत होती, "वाज ना गं बाई."

घड्याळ थांबलं.

"पास," ते म्हणाले.

"म्हणजे चूक ह्यांचीच?"

"हो." त्यांनी घड्याळ शून्यावर आणलं. "त्याचीच."

त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने रिकाम्या पिशवीची घडी घालून काखेत मारली आणि ती निघाली. दारात मात्र थांबली.

"बाबा, टेप तरी नीट बसली होती ना?"

"छान बसली होती, पोरी. एक सुरकुती नाही."

तिची पावलं जिना उतरून ऐकू येईनाशी झाली. मग त्यांनी दार आतून लावलं, कुंडापाशी आले आणि दाबाचं बटण हळूहळू फिरवलं. काटा निम्म्यावरही पोचला नाही तोच घंटा खणखणायला लागली.

ती बंद करायला त्यांचा हात उठेना. डोळ्यांतलं पाणी गालावरून खाली येत होतं.

"ऐकलंस ना रे, पोरा?" ते म्हणाले.